प्रोपेलर घडवण्याविषयी मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. घरच्या कार्यशाळेत विमानाचा लाकडी प्रोपेलर करण्याचा तुझा बेत वाचून आनंद झाला. पण सगळ्यात आधी रंधे आणि कानशी घेण्याची तुझी घाई पाहून थोडे हसूही आले. कोरीव काम हा यातला सर्वांत सुखाचा भाग आहे. प्रोपेलर बिघडतो तो बहुधा त्याआधी, फळ्या चिकटवताना, किंवा त्यानंतर, बोल्ट आवळताना.

एकाच जाड ओंडक्यातून प्रोपेलर काढू नकोस. तो पिळवटल्याशिवाय राहत नाही. मेपल किंवा बर्चच्या, सरळ रेषांच्या आणि गाठी नसलेल्या, साधारण १९ मिलिमीटर जाडीच्या फळ्या घे आणि सगळ्यांचा ओलावा सारखा व्हावा म्हणून त्या काही आठवडे एकाच खोलीत ठेव. प्रत्येक फळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित जड असतेच, तेव्हा ती जड टोके आलटून पालटून दोन्ही पात्यांकडे येतील अशी रचना कर. इपॉक्सी वापरणार असशील तर शिकंजे फार आवळू नकोस, नाहीतर गोंद बाहेर निघून जातो आणि सांधा कोरडा राहतो.

आता कोनांविषयी. पिच म्हणजे स्क्रू लाकडात शिरतो तसा प्रोपेलर एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल, ते अंतर. पिच १ मीटर धरला, तर मध्यापासून २० सेंटिमीटरवर पात्याचा कोन सुमारे ३८.५ अंश येतो आणि ६० सेंटिमीटरवर तो १५ अंशांच्याही किंचित खाली उतरतो, कारण टोकाला मोठे वर्तुळ फिरून तेवढेच पुढे जायचे असते. दर १० सेंटिमीटरला एक फर्मा कापून घे, आधी पात्याची सपाट बाजू पूर्ण कर आणि मगच फुगीर बाजूला हात लाव.

या वेळी थरांमधल्या गोंदाच्या रेषा तुला फर्म्यांइतक्याच उपयोगी पडतील. लाकूड उतरत जाते तशा त्या नकाशावरच्या समोच्च रेषांसारख्या वळत उमटतात, आणि दोन्ही पात्यांवरची वळणे जुळली की पाती जुळली असे समजावे. माझ्या पहिल्या प्रोपेलरच्या दुसऱ्या पात्यावर एका संध्याकाळी, उजेड कमी झालेला असतानाही, मी रंधा चालवत राहिलो. सकाळी पाहतो तर एक रेषा चांगली बोटभर सरकलेली होती. तो प्रोपेलर अजून भिंतीवर टांगलेला आहे. (राइट बंधूंनी १९०३ साली आपले प्रोपेलर छोट्या कुऱ्हाडीने आणि दोन्ही हातांनी ओढायच्या सुरीने घडवले होते, हे आठवले की मला माझ्या हत्यारांची लाज वाटते.)

समतोल मात्र सोपा: मध्यातून दांडा घालून तो धारेवर ठेवायचा आणि हलक्या पात्याला वार्निशचा एखादा हात जास्त द्यायचा.

बोल्टांविषयी लिहिले नाही, तर हे पत्र अपुरे राहील. इंजिनाचा पीळ बोल्टांच्या दांड्यांनी नव्हे, तर धातूच्या तबकडीवर घट्ट दाबलेल्या लाकडाच्या घर्षणाने पेलायचा असतो. कोरड्या हवेत लाकूड आकसले की तो दाब कमी होतो, प्रोपेलर किंचित घसरू लागतो, लाकूड करपते आणि शेवटी बोल्ट तुटतात. म्हणून पुढच्या बाजूला जाड धातूची चकती लाव आणि पहिल्या उड्डाणानंतर, तसेच ऋतू बदलला की, प्रत्येक बोल्टचा ताण मोजून पाहा. पात्याचे वजन दीड किलो आणि त्याचा गुरुत्वमध्य ३० सेंटिमीटरवर धरला, तर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या वेगाने ते पाते जवळजवळ चार टनांच्या जोराने बाहेर ओढले जाते. इंजिन पहिल्यांदा सुरू करशील तेव्हा प्रोपेलरच्या फिरण्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नकोस, स्वतःही राहू नकोस.

लाकूड घेण्याआधी इंजिनाची अश्वशक्ती, फेऱ्या आणि विमानाचा अपेक्षित वेग मला कळव. व्यास आणि पिच आपण दोघे मिळून काढू. माझे जुने फर्मे जाड कागदावर उतरवून पाठवतो.

तुझा स्नेहांकित मित्र