मामा तलावाच्या अर्जासाठी झटलेल्यांचे आभार

गावच्या मामा तलावातला, म्हणजे माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या काळातल्या) तलावातला गाळ काढायला निधीचा अर्ज गेला. नाव नको म्हणणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी अंदाजपत्रकाच्या समासात पेन्सिलीने ‘फुगवटा?’ लिहिणाऱ्या काकांचे. १०० मीटर लांब, ५० मीटर रुंद, अर्धा मीटर खोल म्हणजे २,५०० घनमीटर. पण खणलेला गाळ सुटा झाला की साधारण पाव पटीने फुगतो. मग ३ घनमीटरच्या ट्रॉलीने ८३४ खेपांत भागत नाही, हजारावर लागतात. हे सुटलं की पैसे मधेच संपतात, गाळ पाळीवर (तलावाच्या बांधावर) पडून राहतो आणि पहिल्या पावसात परत तलावात उतरतो.

ग्रामसभेसाठी घरोघरी फिरलेल्या बायांचे आभार. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातले जे कमी ते लागतात. ठरावातला गट क्रमांक सातबाऱ्याशी ताडून पाहणाऱ्या ताईंचे, अन् कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीसाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी आधीच करायला लावणाऱ्या पोराचेही.

तुडुमाच्या, म्हणजे तलावातून पाणी सोडायच्या दाराच्या दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवा, असा हट्ट धरणाऱ्या आजोबांचे विशेष आभार. तुडुम गळका राहिला तर खोल केलेल्या तलावातही पाणी थांबत नाही.