आमचा माळ ओसाड नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पुरवणीत ‘ओसाड माळ होणार हिरवागार’ अशी, माळावर चर खणून झाडं लावायच्या कामाची बातमी आली. सोबत फोटो होता. पिवळ्या माळावर जेसीबी, त्याच्यापुढं फेटे बांधलेली मंडळी आणि एक नारळ. तो माळ आमच्या गावच्या शिवेला लागून आहे. मी त्याच्याकडं सत्तेचाळीस वर्षं बघते आहे, आणि त्यातली एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवत होते. बातमीतल्या ‘ओसाड’ या शब्दाशी माझं भांडण आहे. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, कुसळाचा भाग तेवढा ठेवा.

माझं माहेर तापोळ्याच्या पुढं, कोयनेच्या पाण्याकाठी. सासर माण तालुक्यात, दहिवडीजवळ. दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यात. लग्न मे महिन्यात झालं आणि जून लागताच मी सवयीनं घाईला लागले. माहेरी मृगाच्या आत लाकडं रचायची, मीठ-मिरची भरून ठेवायची, वाऱ्याच्या बाजूनं घराला गवताच्या ताट्या बांधायच्या, इरली डागडुजी करून खुंटीला लावायची. इथं सासूबाई अंगणात निवांत शेंगा फोडत बसलेल्या. मी विचारलं, ताट्या कधी बांधायच्या? त्या म्हणाल्या, “अगं, आमच्याकडं ढग येत्यात, पण च्याला बी थांबत न्हाईत.” घर माळवदाचं, वर सपाट मातीचं छप्पर. एवढं सपाट छप्पर मी जन्मात पाहिलं नव्हतं. पाणी कुठून उतरतं, असं मामंजींना विचारलं, तर म्हणाले, “आधी येऊ तर दे.”

पुढं शाळेत पर्जन्यछायेचा धडा मला कधी पुस्तकातून शिकवावा लागला नाही. पोरांना सांगायची, जुलैत माझ्याबरोबर एसटीत बसा. महाबळेश्वरला खिडकीची काच पुसून पुसून हात दुखतो, तरी बाहेर धुक्याशिवाय काही नाही. पाचगणीला झाडं दिसायला लागतात. पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की माणसं छत्र्या मिटतात. सातारा मागं टाकून पूर्वेला निघालं की काच उघडायची, आणि दहिवडीच्या स्टँडवर उतरताना पदर नाकाला लावायचा, कारण वाऱ्याबरोबर फुफाटा येतो. सगळा मिळून शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पाचगणीत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, वाईत हजाराच्याही खाली आणि आमच्याकडं साडेचारशे-पाचशे. तोही सगळा एका मापानं येईल याचा भरवसा नाही. समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, गार होतो, ओझं तिथंच टाकतो, आणि पलीकडं उतरताना तापून कोरडा होतो. आम्हाला जो वारा मिळतो तो असा रिकाम्या हातानं आलेला.

गंमत म्हणजे दगड दोन्हीकडं एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, थरावर थर. पण तिकडं लाखो वर्षांच्या पावसानं त्यातला वाळूचा अंश धुऊन नेला, लोखंड नि ॲल्युमिनियम मागं राहिलं आणि वरच्या पठारांवर लाल जांभा तयार झाला. इकडं धुवायला पाणीच नाही, म्हणून कातळ नुसता फुटत राहिला आणि मुरूम झाला. सखल जागी काळी माती साचली, तिथं आमची ज्वारी. उंचवट्यावर वीतभर मुरमाड थर, त्याच्यावर माळ. माहेरी जांभूळ नि अंजनी, दोन्ही बारमाही हिरवी. सासरी हिवर, बोर, नेपती, तरवड. पानं बोटाच्या पेराएवढी, आणि हिवर-बोरीला वरून काटे. पान लहान ठेवलं की पाणी कमी उडतं. झाडाला हे कळतं, सरकारी कागदाला कळायला वेळ लागतो.

मलाही वेळ लागला, हे आधी कबूल करते. 1986 साली शाळेत वृक्षारोपणाचा कार्यक्रम निघाला आणि मी उत्साहानं पुढं झाले. नीलगिरी आणि सुबाभळीची तीनशे रोपं आली होती. सातवीच्या पोरांना घेऊन माळावर खड्डे काढले. पहार मारली की ठिणगी उडायची. पोरं आडातून बादल्या भरून न्यायची. एक धनगर आजोबा लांबून काठीवर हनुवटी टेकून बघत होते. म्हणाले, “बाई, हितं झाड यायचं असतं तर आलं नसतं का आपसूक?” मला राग आला. अडाणी माणूस, पर्यावरणाचं काय कळणार, असं मनात आलं. (भूगोलात बी. ए. झाले होते, त्याचा तोरा.) दोन उन्हाळ्यांनी अकरा रोपं उरली. सुबाभूळ मात्र ओढ्याच्या कडेनं पसरली, आणि ती आजही तिथलं दुसरं काही वर येऊ देत नाही. त्या पोरांतली काही आता आजोबा-आजी झाली आहेत. भेटली की हसतात.

त्या आजोबांचं वाक्य मी पुढं वर्गात सांगत आले. मृदा, पाऊस, उंची, वनस्पती यांचा संबंध यापेक्षा थोडक्यात मला कुठं वाचायला मिळालेला नाही.

आता कुसळाविषयी. आमच्या माळावर पवन्या, मारवेल आणि कुसळी हे मुख्य गवत. दिवाळीच्या सुमाराला कुसळी पिकली की तिचं बी पायाला, साडीच्या काठाला, मेंढराच्या लोकरीला टोचून बसतं. सगळे शिव्या देतात. पण एक कुसळ तळहातावर घेऊन नीट बघा. खाली सुईसारखं अणकुचीदार बी, त्याला मागं वळलेले बारीक केस, आणि वर दोरीसारखी पीळ पडलेली लांब शेपटी. तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. शेपटी आपोआप फिरू लागते. वाळली की पुन्हा उलटी पीळ भरते. पहिला पाऊस पडतो तेव्हा माळावर लाखो कुसळं अशी गरगर फिरत स्वतःला मुरमात रोवून घेत असतात, आणि ते मागे वळलेले केस त्यांना परत वर येऊ देत नाहीत. ज्या जमिनीत माझी पहार शिरत नव्हती तिथं हे बी कुणाच्या मदतीशिवाय शिरतं. माझ्या वर्गातल्या पोरांनी या प्रयोगाला ‘नाचरं बी’ असं नाव ठेवलं होतं. उन्हाळ्यात हे गवत वरून मेल्यासारखं दिसतं. खाली मुळांचं जाळं जिवंत असतं, मुरूम धरून ठेवतं. हवेतला कार्बन साठवायला झाडंच लागतात असं हल्ली सगळे म्हणतात, पण गवत आपला साठा जमिनीखाली ठेवतं, वणवा लागला तरी तो तिथंच राहतो.

या माळाच्या जिवावर इथलं मेंढरू आहे. दिवाळीनंतर गवत संपलं की आमच्याकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासकट निघालेली कुटुंबं, घाट उतरून कोकणात जातात. भात निघालेल्या शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात, कारण कोकणातला पाऊस मेंढराला सोसत नाही. वाऱ्याच्या आणि पावसाच्या गणितावर वर्ष बसवलेली ही माणसं. चर खणून, तारेचं कुंपण घालून माळ ‘विकसित’ झाला की त्यांनी आषाढात कुठं जायचं, हे त्या बातमीत नव्हतं.

वर्गात मी विचारायची, सवाना कुठं आढळतो? पोरं एका सुरात, “आफ्रिका!” कारण भिंतीवरच्या तक्त्यात जिराफ होता. मी म्हणायची, खिडकीतून बाहेर बघा. गवताचा समुद्र, मधेच एखादी बाभूळ, लांडगा, खोकड, चंडोल, धाविक. जिराफ सोडला तर कशाची कमी आहे? तिकडं दक्षिण अमेरिकेत अँडीजच्या पश्चिम उतारावर, चिलीच्या दक्षिण भागात, पावसाचं घनदाट रान आहे आणि पलीकडं अर्जेंटिनात पॅटागोनियाचं कोरडं गवताळ पठार. आपल्याचसारखी वाऱ्याची नि डोंगराची करणी. आपल्याकडं मात्र ज्या जमिनीचा सारा येत नाही ती पडीक, हा इंग्रजांच्या महसूल खात्याचा हिशेब अजून चालू आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही झुडपी माळ पडीकच धरतात. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आता तिथं एखादा माळढोक दिसला तर बातमी होते.

काही जण म्हणतात, पूर्वी इथं जंगल होतं, ते तोडलं म्हणून माळ झाला. त्यांना मी पंढरपूरला पाठवते. विठ्ठलाच्या पायाशी कान्होपात्रेनं देह ठेवला, तिथं तरटीचं झाड उगवलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तरटी हे कोरड्या माळावरचं काटेरी झाड. कथा रचणाऱ्यांना वड, पिंपळ, चंदन काहीही सुचलं असतं. सुचली तरटी, कारण आजूबाजूला तीच होती.

नुसत्या पावसावरच सगळं ठरतं असंही नाही. कासचं पठार घ्या. पाऊस भरपूर, तरी झाडं नाहीत. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, माती इंचभर, पावसाळ्यात पाणथळ आणि दिवाळीनंतर तवा. त्या मातीत पोषण इतकं कमी की सीतेची आसवं हे निळं फूल बारीक किडे पकडून पोट भरतं. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. आता तिथं कुणी झाडं लावू म्हटलं तर लोक अंगावर येतील. आमच्या माळाला फोटो काढण्यासारखी फुलं नाहीत, म्हणून त्याच्या वाट्याला जेसीबी.

मी झाडांच्या विरोधात नाही. ओढ्याच्या कडेला, बांधावर, वस्तीभोवती, रस्त्याच्या बाजूला हिवर लावा, बाभूळ लावा, कडुनिंब लावा, मी स्वतः पाणी घालीन. उघड्या पडलेल्या उतारावर चर हवेतच. आमच्या भागात लोकांनी श्रमदानानं केलेल्या कामांनी विहिरींना पाणी आलेलं मी पाहिलं आहे. पण जिथं गवत धरून उभं आहे तिथं ते उपटून खड्डे घेणं म्हणजे पीक नांगरून तण पेरणं.

त्या दिवशी कार्यक्रम आटोपून गाड्या गेल्यावर मी माळावर गेले. जेसीबीचा चालक माझाच विद्यार्थी निघाला. मला बघून त्यानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, “बाई, हिकडं या, दाखवतो.” पुढं दहा हातांवर टिटवीची चार अंडी होती. घरटं कसलं, खड्यांच्या खळग्यात ठेवलेली, टोकं आत करून, रंग हुबेहूब मुरमाचा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती. पोरानं चर तिथं वळवला. मोजणीला आलेले साहेब विचारतील म्हणून मीच त्याला सांगितलं, की बाईंनी वळवायला लावला म्हण. समतल चर अगदी आखीव सरळ चालला आहे आणि मधेच दोन हात बाहेर जाऊन परत येतो. आठ दिवसांनी गेले तेव्हा अंडी होती, टिटवीही होती.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या बातमीत नुसतं ‘माळरान’ लिहा, आणि रोपं किती लावली हे छापताना तिथं आधी काय उगवत होतं हेही वार्ताहराला विचारायला लावा. सोबत पाकिटात मागच्या दिवाळीतली चार कुसळं पाठवते आहे. जपून उघडा, बोटाला टोचतील. एक टेबलावर ठेवा आणि चहाच्या चमच्यानं त्याच्यावर थेंबभर पाणी सोडा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
ता. माण, जि. सातारा