ताई, आमच्या गावाच्या प्लॅनसाठी तुमचे मनापासून आभार

ताई, नमस्कार.

पॅरिश कौन्सिलने तुम्हाला सगळ्यांच्या सह्यांचं इंग्रजी कार्ड दिलंच आहे, पण मला तुमचे आभार मराठीत आणि चारचौघांत मानायचे होते, कारण इंग्लंडच्या खेड्यापाड्यातसुद्धा आता आपली माणसं राहायला लागलीत आणि इथल्या गावाला स्वतःचा प्लॅन स्वतः करायचा कायदेशीर हक्क आहे हे त्यातल्या बऱ्याच जणांना कोणी सांगितलेलंच नसतं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ताई दुसऱ्या काउंटीत प्लॅनिंगचं काम करतात आणि आमच्या गावाच्या प्लॅनला त्यांनी मदत केली. पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत, पण अधिकार बरेच कमी. बांधकामाचा अर्ज आला की पॅरिश फक्त मत कळवते, निर्णय वरच्या कौन्सिलचा. २०११ च्या लोकॅलिझम अ‍ॅक्टने गावाला नेबरहूड प्लॅन करायची वाट दिली, म्हणजे नवीन घरं कुठे आणि कशी हवीत याचा प्लॅन गावाने लिहायचा, स्वतंत्र एक्झामिनरने तपासायचा, मग गावात मतदान, आणि मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक हो म्हणाले की तो प्लॅन कायद्याने लागू होतो, पुढचे अर्ज त्याला धरून ठरवावे लागतात आणि त्याच्या बाहेर जायचं तर तसं ठोस कारण द्यावं लागतं.

आमच्याकडे सगळं रागातून सुरू झालं होतं. गावामागच्या शेतावर घरांच्या मोठ्या स्कीमचा अर्ज आला आणि व्हिलेज हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही इतकी गर्दी, सगळ्यांचं एकच, इथे एकही घर नको. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि मग सरळ सांगितलंत की वरच्या कौन्सिलच्या लोकल प्लॅनमध्ये जेवढी घरं ठरलीत त्याहून कमी घरं नेबरहूड प्लॅन मागूच शकत नाही, घरं कुठे, कशी आणि कोणासाठी एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते काही थोडं नाही. काही लोक नाराज होऊन उठून गेले. जे बसले त्यांना तुम्ही कंब्रियातल्या अप्पर ईडनची गोष्ट सांगितलीत, १७ पॅरिशनी मिळून केलेला देशातला पहिला प्लॅन, २०१३ साली मतदानात पास झालेला, आणि त्यांनी तो घरं अडवायला केला नव्हता, शेतकऱ्यांच्या पोरांना गावातच राहता यावं, शेतावर घर बांधता यावं म्हणून केला होता. माझ्या मते त्या संध्याकाळी आमचा प्लॅन खऱ्या अर्थाने सुरू झाला, कारण दुसऱ्या दिवशी चेअरमनबाई मला म्हणाल्या की माझा मुलगा पण भाडं परवडत नाही म्हणून गाव सोडून गेलाय, हे मी मीटिंगमध्ये बोललेच नाही.

मग सर्व्हे. फॉर्म पोस्टाने टाकून मोकळं व्हायचं असं सगळ्यांचं ठरत आलं होतं, तुम्ही म्हणालात तसं केलं तर ज्यांच्याकडे वेळ आहे आणि स्वतःचं घर आहे तेच भरतील. म्हणून आम्ही शाळेच्या गेटवर उभे राहिलो, बस स्टॉपवर, शेतमजुरांच्या कॉटेजमध्ये, केअर होमची शिफ्ट सुटताना. त्यातून कळलं की म्हाताऱ्या लोकांना मोठं घर सोडून गावातच छोटं एकमजली घर हवंय पण ते नाहीच, आणि तरुणांना दोन बेडरूमचं घर हवंय तर बिल्डर बांधतात चार बेडरूमचं. आमच्या प्लॅनमधली सगळ्यात कामाची पॉलिसी, छोट्या घरांची, ती ह्याच आकड्यांवर उभी आहे, एक्झामिनरने तिला हात लावला नाही.

आणि ती भाषा! ताई, त्यासाठी तर तुमचे कितीही आभार मानले तरी कमीच. आम्ही लिहायचो 'नवीन घरं गावाला शोभतील अशी असावीत', तुम्ही समासात लिहायचात, शोभतील म्हणजे काय, वरच्या कौन्सिलचा प्लॅनिंग ऑफिसर हे कशावर मोजणार? मग आम्ही गल्ली गल्ली फिरून छपराची उंची, विटांचा रंग, रस्त्याकडेचं झाडांचं कुंपण, पावसाचं पाणी कुठल्या चरातून जातं हे सगळं फोटोसकट लिहून काढलं. खड्डे, बस, गाड्यांचा स्पीड ह्यावर लोकांनी सर्वात जास्त लिहिलं होतं, ते प्लॅनिंग पॉलिसीत बसत नाही म्हणून काढून टाकायला निघालो होतो तर तुम्ही त्याचं वेगळं प्रकरण करायला लावलंत, लोकांनी सांगितलेलं कागदावर राहिलंच पाहिजे म्हणून. मोकळ्या जागांचं पण तसंच. लोकल ग्रीन स्पेस म्हणून आमची यादी भलीमोठी, त्यात मागचं ते अख्खं शेतसुद्धा. तुम्ही नियम समोर ठेवलात, जागा वस्तीजवळ हवी, गावासाठी खास आहे हे दाखवता यायला हवं आणि ती फार मोठा पट्टा नको. शेत गेलं. क्रिकेटचं मैदान आणि चर्चजवळची जुनी सफरचंदाची बाग राहिली.

रेग्युलेशन १४ चे ते सहा आठवडे तर मी विसरणारच नाही. मसुदा सगळ्यांसमोर ठेवायचा आणि आलेल्या प्रत्येक सूचनेला उत्तर लिहायचं. तुमची नोकरी दुसऱ्या काउंटीत, दिवसभर तेच प्लॅनिंगचं काम, आणि रात्री मुलांची जेवणं झाली की आमच्यासाठी पुन्हा लॅपटॉप उघडून बसायचात. एका शेजाऱ्याने चिडून तीन पानं लिहिली होती, आम्ही म्हटलं 'नोंद घेतली' लिहू आणि सोडून देऊ, तुम्ही त्यातले दोन मुद्दे बरोबर आहेत म्हणून दाखवलेत आणि पाण्याच्या निचऱ्याची पॉलिसी त्यामुळेच सुधारली. एक ओळसुद्धा तुम्ही आमच्यासाठी लिहिली नाहीत, तेव्हा कधीकधी राग यायचा, पण आज पॅरिशमध्ये पाच-सहा जण असे आहेत की जे कुठलाही अर्ज वाचून कुठली पॉलिसी लागते ते सांगतात.

मतदानाच्या वेळचं एक सांगायलाच हवं. मला वाटायचं भारतीय पासपोर्टवाल्यांचा इथे काय संबंध. तुम्ही सांगितलंत की कॉमनवेल्थचे नागरिक इथे कायदेशीर राहत असतील आणि मतदार यादीत नाव असेल तर लोकल कौन्सिलच्या निवडणुकीत मत देऊ शकतात, आणि म्हणूनच ह्या रेफरेंडममध्येसुद्धा. केअर होममधल्या केरळच्या नर्सेस, फार्म शॉपमधलं ते नाशिकचं जोडपं, आम्ही सगळ्यांची नावं वेळेत नोंदवली. ज्या गावात राहतो त्या गावाबद्दल आपल्याला कोणीतरी विचारलं, ही भावना फार मोठी आहे हो.

प्लॅन पास झाला आणि आता आमच्या पॅरिशला सीआयएलच्या, म्हणजे नवीन बांधकामावर बिल्डरकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काच्या, पैशातला १५ ऐवजी २५ टक्के वाटा मिळतो, त्यातून खेळाच्या मैदानाजवळचा फूटपाथ आधी करायचं ठरलंय. आणि मागच्या महिन्यात एका अर्जावरच्या ऑफिसरच्या रिपोर्टमध्ये आपल्या छोट्या घरांच्या पॉलिसीचा नंबर छापून आला, चेअरमनबाईंनी तो नोटीस बोर्डवर लावलाय. २०२५ मध्ये सरकारने नेबरहूड प्लॅनची सपोर्ट ग्रँट बंद केली, त्यामुळे नव्याने सुरू करणाऱ्या गावांना कन्सल्टंट परवडणं अवघड झालंय. शेजारच्या पॅरिशने आम्हाला विचारलं तेव्हा ग्रुपमधल्या आम्ही दोघी जाऊन आलो, तुमच्या समासातल्या नोट्स घेऊन, तुमची परवानगी गृहीत धरली.

मे महिन्यात अ‍ॅन्युअल पॅरिश मीटिंग आहे, ह्यांना आणि मुलांना घेऊन नक्की या, जेवायला आमच्याकडेच. पाच वर्षांनी प्लॅनचं वजन कमी होऊ शकतं म्हणून रिव्ह्यूचं आत्तापासूनच बोलायला घेतलंय. ह्या वेळचा पहिला मसुदा आम्ही आधीच लिहून ठेवतो, तुम्ही फक्त लाल पेन घेऊन या.

तुमची,
स्टिअरिंग ग्रुपमधली एक