युनायटेडच्या विजेतेपदाआधी त्यांचा ताळेबंद वाचा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबने लागोपाठ दोन-तीन सामने जिंकले, की आपल्या क्रीडा पानावर ‘युनायटेड परतले’ अशा अर्थाचा मथळा हमखास येतो. बरीच वर्षं मी तो वाचते आहे. मध्यंतरी याच पानावर एका वाचकाने लिहिलं की, गोल करणारा चांगला स्ट्रायकर आणि कडक शिस्तीचा प्रशिक्षक मिळाला तर दोन वर्षांत लीग, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च विभागाचं विजेतेपद, पुन्हा ओल्ड ट्रॅफर्डला, युनायटेडच्या मैदानावर, येईल. त्यांच्या उत्साहाला माझा नमस्कार. पण माझा हिशेब वेगळा निघतो, म्हणून हे पत्र.

आधी मी कोण ते सांगते. नाही तर सिडकोतल्या निवृत्त बाईला इंग्लंडच्या फुटबॉलचं काय पडलंय, असं कोणी म्हणायचं. नोकरी इथल्याच एका सहकारी बँकेत, कर्ज विभागात झाली. माहेर निफाड तालुक्यातलं, तिथे फुटबॉल कोणी पाहिलेलासुद्धा नव्हता. तो आला सासरकडून. सासर कोल्हापूरचं. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ या तिथल्या फुटबॉल संघांचा सामना शाहू स्टेडियमवर असला की त्या दिवशी घरात स्वयंपाक लवकर आटपायचा, एवढं मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. पुढे नाशिकला केबल आली आणि आमच्या ह्यांनी तालमीची जागा युनायटेडला दिली. १९९९ च्या मे महिन्यात बार्सिलोनातला तो अंतिम सामना, भरपाईच्या वेळेत शेरिंगहॅम आणि सोल्शारचे दोन गोल, रात्री दोनचा सुमार, आणि ह्यांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे लोक दार वाजवायला आलेले! मुलगा तेव्हापासून युनायटेडवाला. सून मात्र लिव्हरपूल क्लबची चाहती निघाली. त्यामुळे शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे दोन्ही बाजू ऐकायला मिळतात आणि निकालाचं काम माझ्याकडे येतं.

आता मुद्द्याचं. युनायटेडचे प्रशिक्षक सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा युनायटेड ८९ गुणांसह विजेते होते. ते त्यांचं विसावं विजेतेपद. त्यानंतर एकदाही नाही. कप मिळाले, ते नाकारत नाही : २०१६ आणि २०२४ चा एफए कप, २०१७ चा युरोपातल्या क्लबांचा युरोपा लीग कप, दोनदा इंग्लंडचा लीग कप. पण बाद पद्धतीच्या कपात सात-आठ चांगल्या संध्याकाळी पुरतात, लीगला अडतीस सामने लागतात. त्या अडतीस सामन्यांत २०१३ नंतरची त्यांची सर्वोत्तम कमाई ८१ गुण, तीही प्रशिक्षक मोरिन्होच्या काळात, २०१७-१८ मध्ये. बिचाऱ्यांचं नशीब बघा. एवढ्याच ८१ गुणांवर दोन वर्षं आधी लेस्टर सिटी विजेते झाले होते, आणि युनायटेडला मात्र दुसरं यावं लागलं, कारण त्या वर्षी मँचेस्टर सिटीने १०० गुण केले. पुढे प्रशिक्षक झालेल्या त्याच सोल्शारच्या हाताखाली २०२०-२१ मध्ये पुन्हा दुसरे आले, तेव्हा गुण ७४ आणि विजेत्या सिटीचे ८६. आणि २०२४-२५ मध्ये? अडतीसपैकी अठरा पराभव, ४२ गुण, पंधरावा क्रमांक. विजेत्या लिव्हरपूलचे गुण ८४, म्हणजे बरोब्बर दुप्पट. सुनेने ही बेरीज करून मुलाच्या मोबाइलवर पाठवली होती. त्या रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

त्या हंगामात खालच्या विभागात घसरण्याची पाळी आली नाही, कारण लेस्टर, इप्सविच आणि साउदॅम्प्टन हे तिघे त्यांच्याहून कितीतरी वाईट खेळले. २०१६-१७ ते २०२४-२५ चे विजेते पाहिले तर ८४ च्या खाली कोणीही लीग जिंकलेली नाही. म्हणजे ४२ वरून निघालेल्या संघाला एका स्ट्रायकरच्या जोरावर आणखी तेवढेच गुण मिळवायचे आहेत. स्ट्रायकर कोणीही आणा, हे गणित जुळत नाही.

मुलाचं म्हणणं, प्रशिक्षक चुकीचे मिळाले. मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शार, टेन हाग, अमोरिम : २०१३ पासून २०२५ पर्यंत सहा कायमचे, मधले हंगामी वेगळे. सहाच्या सहा नालायक होते? व्हॅन गाल आणि मोरिन्हो यांनी त्याआधी वेगवेगळ्या देशांत लीग जिंकल्या होत्या. आमच्या विभागात एखाद्या शाखेत सहा मॅनेजर बदलूनही वसुली होत नसली, तर सातवा पाठवण्याआधी वरिष्ठ कार्यालयातून कर्जं मंजूर कोण करतं ते तपासायचे. तशी तपासणी इथे कोणीच करत नाही.

मी केली. युनायटेडचं दुखणं मैदानावर दिसतं, पण ते सुरू झालं २००५ मध्ये, अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने क्लब विकत घेतला तेव्हा. किंमत सुमारे ७९ कोटी पौंड. त्यातला मोठा भाग कर्जाचा, आणि त्या कर्जाचा बोजा टाकला क्लबच्याच डोक्यावर. शेजाऱ्याने तुमचं घर तुमच्याच घरावर कर्ज काढून विकत घ्यावं आणि हप्ते तुमच्या पगारातून कापावेत, तसा हा व्यवहार. कायद्याला तो चालतो. पण असं प्रकरण माझ्या टेबलावर आलं असतं तर मी शेरा मारून परत पाठवलं असतं. त्याआधी हा क्लब कर्जमुक्त होता, हे लक्षात घ्या. तेव्हापासून व्याज, लाभांश वगैरे मिळून अब्ज पौंडांच्या घरात पैसा क्लबाबाहेर गेला. तिकडच्या लोकांना हे कळत नव्हतं असं नाही. काही चाहत्यांनी रागाने २००५ मध्येच वेगळा क्लब काढला, २०१० मध्ये स्टेडियममध्ये निषेधाचे हिरवे-सोनेरी मफलर दिसू लागले, आणि २०२१ मध्ये लोक मैदानात घुसल्यामुळे लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला.

मग २०१३ पर्यंत जिंकत कसे होते? फर्ग्युसन होते म्हणून. त्या माणसाने तेरा लीग जिंकून दिल्या, आणि शेवटची तर अशा संघाला घेऊन, ज्यात स्ट्रायकर व्हॅन पर्सीचे २६ गोल वजा केले तर फार काही उरत नाही. त्यांच्या कर्तबगारीने ताळेबंदातलं भोक झाकलं गेलं. त्यातच मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही त्याच उन्हाळ्यात गेले. मैदान सांभाळणारा आणि कचेरी सांभाळणारा, दोघंही एकदमच.

खेळाडूंची पुढची खरेदी आठवली की अजून हात कपाळाला जातो. डी मारिया जवळजवळ सहा कोटी पौंडांना आणला, वर्षभरात विकला. पोग्बावर विक्रमी ८ कोटी ९० लाख पौंड ओतले आणि २०२२ मध्ये तो फुकट गेला. मॅग्वायर ८ कोटी. अँटनी त्याहूनही थोडा महाग. पैसा नव्हता असं कोणी म्हणू नये. एवढी कमाई असलेले क्लब जगात मोजकेच. पण कोणता खेळाडू कशासाठी हवा हे ठरवणारी घडीच बसलेली नाही. एक प्रशिक्षक एका पद्धतीचे खेळाडू घेतो, दुसरा येऊन त्यांना बाकावर बसवतो, तिसरा त्यांना पडत्या भावात विकतो. २०२४ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी पाव हिश्श्याहून थोडे अधिक शेअर घेतले, तेव्हा मला वाटलं आता शिस्त येईल. त्याच वर्षी जुलैत टेन हाग यांचा करार वाढवला आणि ऑक्टोबरात त्यांना काढलं. डॅन अॅशवर्थ नावाचे क्रीडा संचालक महिनोन्महिने वाट पाहून जुलैत आणले, ते डिसेंबरात बाहेर. आणि काटकसर म्हणून शेकडो कर्मचाऱ्यांची कपात! चुकीच्या माणसांना देऊन झालेली भरपाई कारकुनांच्या पगारातून वसूल करायची, ही रीत नाशिककरांनाही काही नवी नाही.

आता लिव्हरपूल. सून इथे जोरात बोलते आणि या एका बाबतीत मी तिच्या बाजूची आहे. १९९० नंतर त्यांनी तीस वर्षं लीग जिंकली नव्हती. २००७ मध्ये हिक्स आणि जिलेट या दोन अमेरिकनांनी तो क्लबही असाच कर्जाने घेतला. २०१० च्या ऑक्टोबरात प्रकरण लंडनच्या कोर्टात गेलं, क्लब ३० कोटी पौंडांना नव्या मालकांकडे आला आणि खरेदीचं ते कर्ज फिटलं. विक्रीनंतर दोनच दिवसांनी ते एव्हर्टनकडून हरले आणि तक्त्यात खालून दुसरे होते! तिथून लीग यायला २०२० उजाडलं. म्हणजे आधी कर्ज उतरलं, मग दहा वर्षं गेली. मधल्या काळात प्रशिक्षक क्लॉप आले, पहिल्या हंगामात आठवे आले, कोणी त्यांना हलवलं नाही. कुटिन्हो या खेळाडूला बार्सिलोना क्लबला विकून पैसा आला, त्याच काळात व्हॅन डाइक आणि अॅलिसन हे खेळाडू आले. कोणता खेळाडू विकायचा, कोणावर खर्चायचं, हे ठरवणारं टेबल पक्कं होतं. २०१९ मध्ये ९७ गुण करूनही दुसरे आले, तरी घडी मोडली नाही. पुढच्या वर्षी ९९ गुण आणि विजेतेपद.

युनायटेडमध्ये यातली पहिली पायरीसुद्धा चढलेली नाही. रॅटक्लिफ यांनी मोजलेल्या रकमेतला मोठा भाग आधीच्या भागधारकांच्या खिशात गेला. क्लबात थेट आले ते ३० कोटी डॉलर. बहुसंख्य मतं अजून ग्लेझरांकडेच. त्यात एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम बांधायची घोषणा २०२५ च्या मार्चमध्ये झाली आहे. जुन्याचं छप्पर गळतं हे खरं, पावसाच्या धारा खुर्च्यांवर पडताना आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या. पण जुनं कर्ज उभं असताना नवं बांधकाम काढणाऱ्या अर्जदाराला मी तरी पहिला प्रश्न विचारला असता : हप्ता कशातून भरणार?

फर्ग्युसन यांचा दाखला सगळे देतात, म्हणून त्याचंही बघू. ते १९८६ च्या नोव्हेंबरात आले तेव्हा संघ बावीसमध्ये एकविसावा होता. १९९० मध्येही तेरावे आले. चाहत्यांनी निरोपाचे फलक धरले. लीग मिळाली १९९३ मध्ये, म्हणजे तब्बल २६ वर्षांच्या खंडानंतर. त्याही आधी, १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकलेला हाच क्लब १९७४ मध्ये दुसऱ्या विभागात घसरला होता. तेव्हा मोठे क्लब पडतात आणि उठतातही, हे मुलाचं म्हणणं मी खोडत नाही. फक्त उठणारच असं कुठे लिहिलेलं नसतं. नॉटिंगहॅम फॉरेस्टने १९७८ मध्ये लीग आणि पुढची दोन वर्षं युरोपियन कप जिंकला. लीग त्यानंतर कधी नाही. संडरलंडच्या नावावर सहा लीग आहेत, शेवटची १९३६ ची.

आपल्याकडचंही एक उदाहरण आठवलं. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला. सातपूरला त्या कंपनीच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या किती जणांना हे आठवत असेल कोण जाणे. तक्त्यात कुठे होते यापेक्षा मालकाच्या मनात काय होतं, यावर तो निकाल लागला.

तर वाचकमित्रांच्या दोन वर्षांना माझं उत्तर : नाही. पहिल्या चारांत येतील, एखादा कपही उचलतील, एखाद्या वर्षी डिसेंबरपर्यंत वर दिसतील आणि आपण मथळा छापाल. विजेतेपदासाठी मी तीन गोष्टींवर नजर ठेवीन. क्लबच्या डोक्यावरचं कर्ज खरोखर उतरतं का. एक प्रशिक्षक आणि एक क्रीडा संचालक सलग तीन हंगाम एकत्र टिकतात का. आणि संघ ८० च्या आसपास गुण लागोपाठ दोन वर्षं करतो का, कारण एकदा केले तर ते नशीबही असू शकतं. तिन्ही झालं, तर त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मुलाला पेढे वाटायला मी स्वतः पैसे देईन. सुनेचं मत यावर वेगळं आहे, पण ते छापण्यासारखं नाही.

शेवटी आपल्याला दोन विनंत्या. सोमवारच्या अंकात इंग्लिश लीगचा पूर्ण गुणतक्ता छापा, वरचे पाच संघ नकोत, वीसच्या वीस हवेत. पंधराव्या नंबरवर कोण आहे हे दिसलं की मथळे आपोआप जमिनीवर येतील. आणि त्याच पानाच्या कोपऱ्यात नाशिकच्या शाळांच्या फुटबॉल सामन्यांचे निकालही द्या. पोरं भर उन्हात खेळतात, त्यांच्या आया गेटवर डबे घेऊन उभ्या असतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळीसुद्धा सापडत नाहीत.

आपली नियमित वाचक,
निवृत्त कर्ज अधिकारी, सिडको, नाशिक