पाच मिनिटांचे पात्र आणि दोन तासांचा सिनेमा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. प्रहसनांत तू रंगवतोस त्या सांत्वनकाकांच्या पात्रावर पूर्ण लांबीचा चित्रपट काढायला निर्माता तयार आहे, हे वाचून आनंद झाला आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. होकार द्यावा की नाही असे तू सरळ विचारले आहेस, तेव्हा मीही आडपडदा न ठेवता लिहितो. चित्रपट जरूर कर, पण काकांवर करू नकोस. प्रहसनांत मुरलेले जे नट पुढे मोठ्या पडद्यावर गेले, त्यांच्यातले कोण तरले आणि कोण बुडाले हे पाहूनच माझे हे मत झाले आहे.

आधी काकांविषयी. कुणाकडे सांत्वनाला जायचे, चेहरा पाडून सोफ्याच्या कडेवर बसायचे, दोन उसासे टाकायचे आणि मग गेलेल्या माणसाच्या कपाटाची, घड्याळाची, चपलांची चौकशी सुरू करायची, एवढेच त्यांचे भांडवल. पाच मिनिटांना ते पुरून उरते, कारण काका काय करणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते; या वेळी ते कोणत्या थराला जातात, एवढीच उत्सुकता उरते. प्रहसनातले पात्र पूर्ण तयार होऊनच प्रवेश करते, ते शिकत नाही आणि बदलतही नाही. चित्रपटात मात्र दहाव्या-पंधराव्या मिनिटाला प्रेक्षक मनाशी विचारू लागतो की या माणसाच्या घरी कोण आहे, आणि हा असा का वागतो. उत्तर द्यावे तर काकांची कीव येऊ लागते आणि हसू ओसरते. न द्यावे तर तोच चाळा वीस वेळा पाहावा लागतो. या कात्रीतून भले भले सुटलेले नाहीत.

न्यूयॉर्कहून 1975 पासून थेट प्रसारित होणाऱ्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचेच पाहा. तिथल्या पात्रांवर निघालेल्या 1980 च्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ने आणि 1992 च्या ‘वेन्स वर्ल्ड’ने चांगला गल्ला जमवला. ‘वेन्स वर्ल्ड’ची एकट्या अमेरिकेतली कमाईच 12 कोटी डॉलरच्या वर गेली. त्यानंतर लोकप्रिय पात्रे पडद्यावर आणण्याची रांगच लागली. 1994 चा ‘इट्स पॅट’ त्यांतला सर्वांत बोलका. पॅट पुरुष आहे की स्त्री, हे भोवतालच्या मंडळींना कळू नये आणि उघड विचारण्याची सोयही नसावी, हा त्या प्रहसनाचा एकुलता एक विनोद होता. कोडे सुटले तर पात्र संपते आणि सुटले नाही तर कथा हलत नाही. तो चित्रपट मोजक्याच ठिकाणी लागला आणि सुमारे 60 हजार डॉलर मिळवून उतरला. 1998 च्या ‘अ नाइट ॲट द रॉक्सबरी’ची अडचण आणखी वेगळी. एकाच गाण्यावर मान हलवत क्लबांतून हिंडणारे ते दोघे भाऊ प्रहसनात जवळजवळ बोलतच नसत. चित्रपटासाठी त्यांना वडील, दुकान आणि स्वप्ने द्यावी लागली, आणि प्रत्येक देणगीगणिक ते थोडे कमी गमतीदार झाले.

मग ते पहिले दोन चित्रपट का तरले? वेन हा मुळातच तळघरातून हौशी कार्यक्रम चालवणारा पोरगा असल्यामुळे त्याने कॅमेऱ्याकडे वळून बोलणे चित्रपटातही शोभून गेले, आणि तो कार्यक्रम विकत घेऊ पाहणारा धूर्त निर्माता आला तेव्हा त्याला गमावण्याजोगे काहीतरी मिळाले. ब्लूज ब्रदर्स तर प्रहसनातली पात्रे नव्हतीच म्हटले तरी चालेल. ते काळे चष्मे लावून खरोखर गाणारे दोघे होते. अनाथाश्रमाच्या थकलेल्या करासाठी 5,000 डॉलर उभे करायचे, एवढे एक काम दिल्याबरोबर ते धावत सुटले. तुझ्या काकांना काय गमवायचे आहे, हे निर्मात्याला एकदा विचारून बघ. मला तरी काही सुचले नाही.

आता पात्र बाजूला ठेवू आणि नटाच्या सवयीकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. त्या कार्यक्रमाचा आठवडा कसा असतो ते तुला ठाऊकच आहे. मंगळवारी रात्रभर लेखन, बुधवारी सामूहिक वाचन, शनिवारी संध्याकाळी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम, तिच्यात न हसवणाऱ्या प्रहसनांवर काट, आणि साडेअकराला थेट प्रक्षेपण. संवाद शेवटच्या घटकेपर्यंत बदलत असल्याने पाठांतराचा प्रश्नच नसतो. कॅमेऱ्याच्या बाजूला हाताने लिहिलेले मोठे पुठ्ठे धरलेले असतात आणि नट ते वाचत बोलतात. कधी बारकाईने पाहा, दोघे समोरासमोर उभे राहून भांडत असतात आणि दोघांचीही नजर एकमेकांच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली असते. थेट प्रक्षेपणाच्या धामधुमीत हे खपून जाते, किंबहुना त्याची गंमतच वाटते. चित्रपटाचा क्लोजअप ही चोरी पहिल्याच टेकला पकडतो, कारण तिथे समोरच्याचे ऐकणे हाच निम्मा अभिनय असतो. प्रहसनांत वाढलेल्या नटाला बोलण्याची सवय असते, ऐकण्याची नसते. तुझ्याही बाबतीत हे खरे आहे, रागावू नकोस.

दुसरी सवय हशाची. तू वाक्य टाकतोस, टाळी येते, तिच्या लांबीवरून पुढचे वाक्य कधी टाकायचे ते ठरवतोस, आणि ही जाण तुझ्याइतकी फार थोड्यांत आहे. चित्रपटाच्या सेटवर मात्र वाक्य कितीही चपखल पडले तरी सगळे चिडीचूप उभे राहतात, कारण ध्वनिमुद्रण चालू असते. हशासाठी किती जागा सोडायची ते काही महिन्यांनी संकलक ठरवतो, तेही अंदाजाने. मॉन्टी पायथन या ब्रिटिश विनोदी चमूच्या मंडळींनी 1971 मध्ये आपली गाजलेली प्रहसने स्टुडिओतल्या प्रेक्षकांविना पुन्हा चित्रित करून पहिला चित्रपट काढला. तेच लेखन, तेच नट, आणि तरीही तो मला कोरडा वाटतो. मधला हशा काढून घेतला की उरलेल्या विरामांत माणूस अवघडतो.

याच मंडळींचा पुढचा प्रवास तू नीट अभ्यासावास, असा माझा आग्रह आहे. 1975 मध्ये ते राजा आर्थरच्या कथेकडे वळले. घोड्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून सरदार नुसतेच उड्या मारत चालतात आणि मागून सेवक नारळाच्या करवंट्या वाजवतो. विनोद प्रहसनाचाच, पण तो आता प्रवासाला निघालेला होता. 1979 च्या ‘लाइफ ऑफ ब्रायन’मध्ये तर त्यांनी सरळ एका माणसाची गोष्ट सांगितली. या दोन्ही चित्रपटांत त्यांनी मध्यवर्ती भूमिका ग्रॅहम चॅपमनला दिली आणि त्याने ती बऱ्याच अंशी गंभीरपणे केली. बाकीचे पाच जण भोवती मिशा आणि झगे बदलत अक्षरशः डझनावारी वेडी माणसे उभी करत राहिले. वेड कडेला आणि माणूस मध्ये, ही रचना त्यांनी हेरली. तुझ्या निर्मात्याचा बेत नेमका याच्या उलट आहे.

एडी मर्फीने हे गणित वेगळ्या रीतीने सोडवले. 1982 मध्ये ‘48 अवर्स’ आला तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता आणि ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये त्याची पात्रे तुफान चालली होती. त्यांतले एकही त्याने सोबत घेतले नाही. त्या चित्रपटातला दारूच्या गुत्त्याचा प्रसंग आठव. तुरुंगातून तात्पुरता बाहेर आणलेला हा कृष्णवर्णीय कैदी पोलिसाचा बिल्ला घेऊन वैऱ्यांसारख्या गोऱ्यांनी भरलेल्या त्या जागेत शिरतो आणि केवळ आवाजाच्या जोरावर सगळ्यांना धाकात घेतो. रचना पाहिलीस तर ते शुद्ध प्रहसन आहे: एक सोंग, एक नियम आणि पायरीपायरीने वाढत जाणारी मात्रा. फरक एवढाच की सोंग उघडे पडले तर त्याची हाडे मोडतील. आपल्या कलेतले काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हे त्या वयात त्याला कोणी शिकवले असेल असे वाटत नाही.

सगळ्यांच्या नशिबी हे येत नाही, हेही लिहायला हवे. फिल हार्टमन आणि जॅन हूक्स यांच्यासारखे नट 1986 पासून ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चा कणा होते. कोणतेही पात्र द्या, दुबळे प्रहसनही ते सावरून नेत. चित्रपटांनी त्यांना बहुधा छोट्याच भूमिका दिल्या, कारण तिथे रोज नवा चेहरा घेणाऱ्यापेक्षा एकच चेहरा लक्षात राहणारा माणूस हवा असतो. उलट पुढे चित्रपटांत मोठा तारा झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनियर 1985-86 च्या एकाच हंगामात तिथे होता आणि फारसा जमला नाही. यात गुणवत्तेचा निवाडा कमी आणि कामाचा फरक जास्त आहे, असे मी मानतो.

आणि हसवणाऱ्याने गंभीर व्हायचे ठरवले तर? त्याच कार्यक्रमातून आलेल्या बिल मरेने 1984 मध्ये ‘द रेझर्स एज’ हा गंभीर चित्रपट स्वतः सहलेखन करून केला. तो आपटला. त्याच वर्षीचा ‘घोस्टबस्टर्स’ प्रचंड चालला, तरी त्यानंतर मरे काही वर्षे मुख्य भूमिकांपासून दूर राहिला आणि पॅरिसला जाऊन शिकत बसला. ‘लॉस्ट इन ट्रान्सलेशन’मधल्या अबोल कामासाठी त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले, पण तोवर 2003 चा हंगाम उजाडला होता. प्रेक्षकाने ज्या तोंडाला हसून पैसे मोजले, त्या तोंडाचे दुःख मान्य करायला तो फार वेळ घेतो.

आता तुला उपयोगी पडेल असे. त्याच कार्यक्रमातल्या क्रिस्टन विगकडे विक्षिप्त पात्रांची पोतडी भरलेली होती, पण 2011 चा ‘ब्राइड्समेड्स’ तिने ॲनी मुमोलोसोबत स्वतः लिहिला आणि त्यात बेकरी बुडालेली, मैत्रिणीच्या लग्नाने कासावीस झालेली एक साधी बाई रंगवली. ‘की अँड पील’ या दुसऱ्या प्रहसन-मालिकेतल्या जॉर्डन पीलने तर प्रहसनांचा गाशा गुंडाळल्यावर अभिनयही बाजूला ठेवला. त्याने लिहून दिग्दर्शित केलेला 2017 चा भयपट ‘गेट आउट’ सुमारे 45 लाख डॉलरमध्ये झाला, जगभरात त्याने 25 कोटींहून अधिक मिळवले आणि पीलला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. एक चमत्कारिक कल्पना घ्यायची आणि ती शेवटापर्यंत ताणत न्यायची, हे प्रहसनाचेच कसब. त्याने ते भीतीसाठी वापरले. दोघांनीही आपले लेखन दुसऱ्यावर सोपवले नाही. तुझी निम्मी प्रहसने तूच लिहितोस, हे निर्मात्याला बहुधा ठाऊकही नसेल. ते त्याला सांग.

म्हणून माझे म्हणणे असे की काकांना चार प्रसंग दे, हवे तर तूच कर, पण मध्ये दुसरा माणूस उभा कर. मला विचारशील तर ज्याच्या घरी काका सांत्वनाला येतात तो मुलगा घे. त्याला रडायचे आहे आणि हा माणूस त्याला रडू देत नाही. इथे मला चित्रपट दिसतो. ती भूमिका तू केलीस तर तुला ऐकावे लागेल, आणि तेच मला पाहायचे आहे. सही करण्यापूर्वी काका या पात्रावर हक्क तुझा आहे की वाहिनीचा, हे वकिलाकडून तपासून घे. या बाबतीत तुझा भोळेपणा मला चांगलाच माहीत आहे.

पटकथेचा पहिला खर्डा हाती आला की तसाच पाठव, नीटनेटका करत बसू नकोस. सुरुवात तू उत्तमच लिहिशील, त्यामुळे मी चाळिसाव्या पानापासून वाचायला घेणार आहे.

तुझा,
जुना मित्र