साधन निवडण्याआधी सड्यावर नेऊन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महाविद्यालयं सुरू झाली की गटप्रकल्प वाटले जातील आणि ‘सगळ्यांनी एकाच ऑनलाइन फाइलवर काम करा’ अशी सूचनाही येईल. मी राजापूर तालुक्यात माध्यमिक शाळेत शिकवते. ही साधनं नकोत, असं मी म्हणत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’ अशा फाइली फिरवण्यापेक्षा गूगल डॉक्ससारखी सोय कितीतरी बरी. पण साधन पसंत केलं जातं स्टाफरूममध्ये, वायफायवर. मुलांना ते वापरावं लागतं वाडीत, जुलैच्या पावसात, लाइट गेलेली असताना.

माझ्या पुतणीच्या गटाने कातळशिल्पांवर, म्हणजे कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांवर, प्रकल्प घेतला होता. बारसू, देवाचे गोठणे ही आपल्या तालुक्यातली ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यामुळे पोरं अगदी मनापासून लागली होती. मे महिन्याच्या उन्हात टेप धरून मापं घेतली ती हिनेच. लिखाण मात्र पावसाळ्यात आलं. वाडीत रेंज नाही म्हणून ती संध्याकाळी वडिलांचा फोन आणि छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळमाळावर जायची. ठरवून दिलेल्या साधनाला नेट सतत लागायचं. रेंज गेली की पान तिथेच अडकायचं. एकदा तासाभराचं टायपिंग असंच गेलं. शेवटी तिने सगळं वहीत लिहिलं, आणि राजापुरात राहणाऱ्या मैत्रिणीने ते टाइप केलं.

गुण देताना फाइलमध्ये कोणी किती लिहिलंय ते पाहिलं गेलं. तिथे मैत्रिणीचं नाव पानोपानी होतं, हिचं जेमतेम चार ओळींपुढे. गटात सर्वांत कमी गुण हिला! मैत्रीण स्वतः सरांना सांगायला गेली, पण ‘सिस्टिममध्ये दिसतं तेच धरणार’ असं उत्तर मिळालं.

फाइलचा इतिहास उपयोगाचा आहेच. आयत्या वेळी नाव घुसवणारा त्यात उघडा पडतो. पण कोणाच्या खात्यातून टाइप झालं एवढंच तो सांगतो. मापं कोणी घेतली, वही कोणाची होती, हे त्यात कुठून येणार? त्यासाठी गटाला समोर बसवून दहा मिनिटं विचारावं लागतं.

गूगल डॉक्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये फाइल ‘ऑफलाइन’ ठेवता येते. नेट नसताना लिहिलेलं रेंज आल्यावर आपोआप चढतं. मात्र ही सोय त्या फाइलसाठी आधी चालू करून ठेवावी लागते, आणि हे मुलांना कोणी दाखवतच नाही. पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या फोनवर ते करून घ्यावं. मराठीचंही तेच. घरातल्या कोणी जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखं वाचता येणारं अक्षरांचं मानक) नसलेल्या फाँटात टाइप करून दिलेला मजकूर अशा फाइलमध्ये चिकटवला की नुसती चिन्हं उमटतात.

माझी प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे. यंदा साधन ठरवण्याआधी वर्गातला सर्वांत जुना फोन घ्या, भर पावसात एखाद्या सड्यावर जा आणि त्यावर एक पान लिहून बघा. आणि पुतणीच्या महाविद्यालयाने तिची ती वही एकदा मागवून पाहावी. मापांची सगळी पानं तिने जपून ठेवली आहेत.

– एक शिक्षिका, राजापूर तालुका