बंडी पेटीत ठेवायची नाही

मुलुंड, मुंबई
१८ डिसेंबर

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. फोनवर आई "जेवलास का"च्या पुढे सरकू देत नाही आणि बाबा दोन मिनिटांत "बरं, ठेवतो" म्हणतात. मला जे सांगायचंय ते लांबलचक आहे आणि त्यात थोडं भांडणही आहे. पत्र कसं, मध्येच ठेवून देता येत नाही.

आधी भांडण. मागच्या जानेवारीत आलो होतो, तेव्हा रजई काढायला आईने पत्र्याची पेटी उघडली. वरच मी विणलेली राखाडी बंडी. घडी मोडलेली नाही, चारही कोपऱ्यांना डांबरगोळ्या. आणि बाबा अंगणात, कोपर फाटलेल्या त्याच तपकिरी स्वेटरवर. मी चिडलो. आई म्हणाली, "चांगली आहे रे, कुठं जायचं-यायचं झालं तर राहू दे." बाबा कुठे जाणार आहेत? घर ते द्राक्षबाग आणि बाग ते घर. मी हट्टाने बंडी घालायला लावली, आणि मग कळलं. खांदे दंडावर आले होते, खालची पट्टी मांडीपर्यंत. बागेत बुजगावणं उभं करतात तसे बाबा दिसत होते. तरी "झकास आहे, आत दोन शर्ट मावतील" म्हणाले. तुम्हा दोघांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त मला वाईट वाटू नये म्हणून ती पेटीत गेली. आई, लहानपणी माझं गणित चुकलं की पाटी पुसायला लावायचीस. या वेळी गप्प का बसलीस?

चूक कुठे झाली ते सांगतो. तुझ्या विणकामाच्या वहीत लिहिलंय: ८ नंबरच्या सुया, ४ इंचांत २२ टाके. बंडी ४० इंची हवी, म्हणून मी मागे ११०, पुढे ११० असे २२० टाके घातले. वहीतली पुढची ओळ वाचूनही सोडून दिली: "आधी तुकडा विणून मोजणे." कोण तुकडा विणत बसतो, थेट सुरुवात केली. तुझा हात घट्ट, माझा सैल. माझ्या हाताने ४ इंचांत २०च टाके बसतात. तेवढ्याच २२० टाक्यांचं झालं ४४. दोन टाक्यांचा फरक, आणि अंगाभोवती चार इंच! या वेळी मुकाट्याने तुकडा विणला, मोजला, आणि ९ नंबरच्या सुया घेतल्या. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे दुकानात नव्या माणसाला सांगितलं तर त्याला खोटंच वाटतं. आता पट्टीने मोजलं तर ४ इंचांत बरोबर २२.

ती जुनी बंडी मी परत आणली होती ना, ती उसवली. उसवताना तुझी आठवण आली नसती तरच नवल. बाबांचा मरून स्वेटर उसवून माझा झाला, माझा आखूड झाल्यावर ताईची टोपी आणि उरलेल्या लोकरीचे दादाचे मोजे. मी दोन्ही हात पुढे करून लडी धरून बसायचो, तू गुंडा करायचीस, आणि माझे हात खाली गेले की "वर!" म्हणून ओरडायचीस. या वेळी हात आमच्या चिऊने धरले. मी तसाच ओरडलो. तिने मोबाइल बघायचा म्हणून हात सोडले आणि सगळा गुंता सोफ्याखाली गेला.

आणि उसवताना आणखी एक भानगड कळली. दुकानदाराने मला ती लोकर "प्युअर वूल" म्हणून दिली होती, भावही तसाच घेतला होता. मला शंका आली, म्हणून एक धागा चिमट्यात धरून गॅलरीत काडी लावली. खरी लोकर असती तर जळक्या केसांचा वास आला असता, काडी बाजूला घेतली की विझली असती आणि राहिलेली काजळी बोटाने चुरडली असती. इथे काळा धूर निघाला, धागा वितळत वर चढला, आणि टोकाला मण्यासारखा टणक गोळा. शुद्ध अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा! दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणे, बिल आहे का? बिल मी पाकिटातून कधीच फेकलं होतं.

पण तो काळा गोळा हातात घेतल्यावर माझ्या डोक्यात दुसरंच आलं. बाबा, तुमच्या त्या हिरव्या शालीच्या पदराला बारीक भोकं आहेत, आणि प्रत्येक भोकाची कड अशीच टणक झाली आहे. उंदराने खाल्लं असं तुम्ही म्हणाला होता. उंदीर नाही हो, ठिणग्या. थंडीने द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तुम्ही आणि दादा पहाटे बागेत शेकोट्या करता आणि त्यांच्या शेजारी तुम्ही तीच शाल गुंडाळून बसता. अ‍ॅक्रिलिक नुसतं जळत नाही, वितळून कातडीला चिकटतं. भोकावर भागलं ते नशीब. खरी लोकर सहसा पेट घेत नाही आणि घेतलाच तर लवकर विझते. तुमच्याच घोंगडीकडे बघा. किती वर्षं शेकोटीपाशी पडलेली असते, तिला असं एक तरी भोक आहे का? ती मेंढीची आहे म्हणून. तेव्हा बागेत जाताना एक तर घोंगडी, नाही तर ही नवी बंडी. ही मी मेरिनो मेंढीच्या लोकरीची केली आहे, आणि दुकानातच एक धागा जाळून बघितला. दुकानदारीणबाईंनी माझ्याकडे जे बघितलं ते सांगत नाही. तीनशे ग्रॅम लोकर लागली. भाव विचारू नका.

हिरवी शाल आईने दादाच्या मोटरसायकलवर टाकायला द्यावी.

मी हे सगळं कधी विणतो, असं ताईने विचारलं होतं. लोकलमध्ये. सकाळी मुलुंडहून धीमी गाडी पकडतो, नशिबाने खिडकी मिळाली तर सीएसएमटीपर्यंत तास मिळतो. बायकांच्या डब्यात विणकाम, भाजी निवडणं, सगळं चालतं, कुणी मान वर करत नाही. पुरुषांच्या डब्यात सुया काढल्या की चार जण पत्ते खाली ठेवतात. पहिल्या आठवड्यात एक काका म्हणाले, "मिसेसनी होमवर्क दिला का?" आता तेच काका ऐरोलीच्या नातवासाठी टोपीचा भाव विचारतात. सरळ लांब सुया मात्र सोडाव्या लागल्या, भांडुपला गर्दी चढली की माझं कोपर शेजाऱ्याच्या बरगडीत जायचं. तारेने जोडलेल्या गोल सुया घेतल्या, त्यात बंडीचं वजनही मांडीवर राहतं. एकदा कुर्ल्याला धक्का लागून अकरा टाके सुईवरून निसटले. शेजारचा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला आणि विद्याविहार ओलांडेपर्यंत मी एकेक टाका उचलत होतो. हो, गाडी उलटी नव्हती, ते घरी येतानाचं आहे.

मुंबईत कसली आलीये थंडी, असंही तुम्ही म्हणता. खरं आहे, इथे पारा १८ वर आला की लोक कानटोप्या घालतात, त्यावर तुम्ही निफाडकर हसता. पण २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले होते, मुंबईचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. तारीख वाचली आणि आईची गोष्ट आठवली. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला चीनशी लढाई झाली, घराघरांत बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, आणि तुझ्या शाळेतल्या बाईंनी मुलींना मफलर विणायला बसवलं. तू अकरा वर्षांची. तुझा मफलर एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद झाला, आणि आजी म्हणाली, "जवानाची मान तशीच असेल." आजीला ४४ इंची बंडी दाखवायला हवी होती.

उसवलेली राखाडी लोकर वाया गेलेली नाही. तिचं आईसाठी गुडघ्यांवरचं पांघरूण केलंय, क्रोशाचं. ते खरं चिऊचं काम आहे. आठ बाय सहा, अठ्ठेचाळीस चौकोन, राखाडी आणि तिच्या आवडीचा तो भडक जांभळा. लांबून गोधडीसारखं दिसतं. व्हिडिओ बघून शिकताना ती तीन दिवस अडकली. अमेरिकन बाई ज्या टाक्याला डबल म्हणते, त्यालाच इंग्लंडची बाई ट्रेबल म्हणते. चौकोन कधी बुटके व्हायचे, कधी उंच. शेवटी तुला व्हिडिओ कॉल लावला, तर तू म्हणालीस, "अगं तो नुसता खांब. आणि ते दुसरं मुका खांब." दहा सेकंदांत झालं. तेव्हापासून ती इंग्रजीच्या तासाच्या वहीतसुद्धा "३ खांब, २ साखळी" असं लिहिते. हे पांघरूण अ‍ॅक्रिलिकचं आहे, म्हणजे मशीनमध्ये टाकलंस तरी चालेल. पण चुलीपाशी बसताना गुडघ्यावर घ्यायचं नाही. हे मी तीनदा लिहिलं असं समज.

आणखी एक जोडी आहे, बोटं उघडी असलेले हातमोजे. सकाळी तुझी बोटं आखडतात, तरी गार पाण्यात हात घालतेस. मोजे मनगटापासून बोटांच्या पेरापर्यंतच आहेत, त्यामुळे भाजी निवडता येईल, जप करता येईल. दोन्ही एकसारखे नाहीत. उजवा नीट आहे, डावा मी दादर स्टेशनच्या बाकावर विणला.

आता बंडी धुण्याचं. गरम पाण्यात टाकलीस तर ती चिऊच्या बाहुलीला बसेल. थंड पाणी, रिठा, न पिळता टॉवेलमध्ये दाबून घ्यायची, आणि दोरीवर टांगायची नाही, लोंबते. सावलीत खाटेवर पसरायची. आणि कसर. आई, कसर अंगातल्या कपड्याला लागत नाही. अंधारात, न हलवता, घामाचा डाग तसाच ठेवून दिलेल्या खऱ्या लोकरीला लागते. म्हणजे तुझी पेटी ही बंडीसाठी सगळ्यात वाईट जागा आहे. रोज अंगात घातली, रविवारी उन्हात झटकली, की डांबरगोळ्यांचा खर्चही वाचतो. बाबा, हा मुद्दा तुम्हाला पटेल, पैसे वाचतात.

बाबांचं माप मी या वेळी जुन्या तपकिरी स्वेटरवरून घेतलेलं नाही. वहीत "यांच्यासाठी, छाती ३८" असं तुझ्या अक्षरात आहे. दिवाळीत बाबा झोपलेले असताना मी टेप लावली, छत्तीस भरली. ते जागेच होते, काही बोलले नाहीत.

बंडी जवळजवळ झाली आहे. मागचा भाग, पुढचा भाग, खांदे जोडले, बाह्यांच्या पट्ट्या झाल्या. गळा राहिलाय. बाबांना व्ही गळा लागतो, शर्टाची कॉलर दिसली पाहिजे. वहीच्या पानाचा फोटो पुतणीने पाठवला, पण नेमका गळ्याच्या ओळीवर तेलाचा डाग आहे. "टाके उचलून मधला टाका सुलट ठेवणे, दोन्ही बाजूंना दोन-दोन टाके एकत्र" एवढं वाचता येतं. पण ते प्रत्येक ओळीला की एकाआड एक? दोनदा करून बघितलं. एकदा गळा तोंड उघडल्यासारखा झाला, दुसऱ्यांदा मध्ये चोच आली. व्हिडिओवाल्या बायका आणखी तिसरंच काही सांगतात.

म्हणून गळा तसाच ठेवून शनिवारच्या पंचवटी एक्सप्रेसने आणतो, गोल सुया आणि लोकरीसकट. रात्री जेवणं झाली की तू शेजारी बसून सांग, मी विणतो. तुझा तो जाड भिंगांचा चष्मा बाहेर काढून ठेव. आणि दादाला सांग, स्टेशनवर यायची गरज नाही, रिक्षा मिळते.

तुमचा
संजय